इशारा आणि धोका

नदीकांठच्या मनुष्यास पावसाळ्यांत दोन प्रश्न पडतात. पहिला, "आज पाणी किती आहे?" आणि दुसरा, "मीं पाण्यांत उतरावें कीं नाहीं?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर पट्टीवर वाचतां येतें, दुसऱ्याचें उत्तर कोणत्याही पट्टीवर लिहिलेलें नसतें. पहिला प्रश्न ज्ञानाचा आहे, दुसरा कर्तव्याचा. परंतु व्यवहारांत आपण बहुधा असें समजतों कीं, पहिल्याचें उत्तर हातीं आलें म्हणजे दुसऱ्याचेंही मिळालें. ही समजूत कितपत खरी आहे, आणि ती खोटी असल्यास वाहत्या पाण्याशीं वागतांना मनुष्याचें कर्तव्य कोणतें, ह्याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे. विषय वरवर पाहतां पाटबंधारे खात्याचा वाटेल. पण ज्या प्रश्नाच्या उत्तरावर आपलें व दुसऱ्याचें जीवित अवलंबून असतें, तो नीतीच्या कक्षेबाहेर कसा राहील?

नदीची उंची मोजण्याचा प्रघात फार जुना आहे. ईजिप्तमध्यें नाईल नदीच्या रोडा बेटावर इ. स. ८६१ मध्यें बांधलेला मापस्तंभ अजून उभा आहे. त्यावरील हातांच्या खुणा पाहून त्या वर्षीच्या पिकाचा अदमास करीत, व त्यावरून साऱ्याचा आंकडा ठरे. आपल्याकडे सांगलीस कृष्णेवर १९२९ सालीं खुला झालेला आयर्विन पूल आहे. तेथें पाणी ४० फुटांस पोंचलें म्हणजे 'इशारा पातळी' व ४५ फुटांस पोंचलें म्हणजे 'धोका पातळी' झाली असें मानतात. कोल्हापुरास पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्यापाशीं हेच आंकडे अनुक्रमें ३९ व ४३ फूट आहेत. श्रावणाच्या सुमारास ह्या दोन्ही शहरांत कोणी कोणास भेटला तर कुशलप्रश्नाआधीं "पाणी किती झालें?" हा प्रश्न येतो, आणि "अडतीस" एवढ्या एका शब्दांत उत्तर मिळतें. कोणता पूल, कोणतें माप, हें सांगावें लागत नाहीं.

असा आंकडा लोकांच्या तोंडीं असणें ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्याचा अर्थ किती जणांस ठाऊक असतो? पुलाजवळचे चाळीस फूट म्हणजे नदीची सर्वत्र चाळीस फूट खोली नव्हे. मोजणारानें एक शून्य ठरविलेलें असतें, व त्या शून्यापासून वर पाणी किती चढलें एवढेंच पट्टी सांगते. कोठें तळाशीं डोह असेल, कोठें खडक वर आला असेल; पट्टीस त्याची वार्ता नसते. शिवाय उंची निराळी आणि प्रवाह निराळा. पात्रांतून दर सेकंदास एक घनफूट पाणी जाणें ह्यास एक क्यूसेक म्हणतात. एका घनफूट पाण्याचें वजन सुमारें २८ किलोग्रॅम भरतें. तेव्हां धरणाखालून एक लाख क्यूसेक पाणी वाहत आहे असें आपण वर्तमानपत्रांत वाचतों, त्याचा अर्थ दर सेकंदास अठ्ठावीसशें टन पाणी त्या जागेवरून पुढें सरकत आहे. ह्या आंकड्यापुढें मनुष्याच्या साठसत्तर किलोंच्या देहाची काय कथा!

उंची एकच असतांही प्रवाह एकच असतो असें नाहीं. पाणी चढत असतांना आणि उतरत असतांना पट्टीवर तोच आंकडा दिसला तरी चढत्या पाण्यांत ओघ अधिक असतो. उलट, पुढें एखादी मोठी नदी भरून येऊन मिळत असेल तर मागील पाणी तुंबतें; उंची वाढते पण वेग मंदावतो. सांगलीच्या खालीं हरिपुरास वारणा कृष्णेस मिळते, आणि आणखी पुढें नरसोबाच्या वाडीस पंचगंगा मिळते. त्यामुळें सांगलीच्या पट्टीवरील आंकडा हा एकट्या कृष्णेचा कधींच नसतो. त्यांतही वेगाचा हिशेब फसवा आहे. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा रेटा दुप्पट न होतां चौपट होतो. म्हणून कमरेएवढ्या संथ पाण्यांतून सुखरूप जाणारा मनुष्य गुडघ्याएवढ्या ओढ्यांत आडवा होतो. एक फूट वाहतें पाणी लहान मोटार उचलून नेऊं शकतें व दोन फूट पाण्यापुढें बहुतेक मोटारींचा टिकाव लागत नाहीं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून कोरड्या दिवसांत गाडीवाट असते. पावसाळ्यांत तो बंधारा पाण्याखालीं जातो आणि वरून पाणी अगदीं सपाट व शांत दिसतें. पण बंधाऱ्यावरून पडलेलें पाणी पायथ्याशीं उलटें फिरूं लागतें, आणि त्या फेऱ्यांत सांपडलेल्या पट्टीच्या पोहणारासही तें पुनःपुन्हा बंधाऱ्याकडेच ओढतें. डोळ्यांस जें शांत तें शांत नव्हे, हें नदी फार कठोरपणें शिकविते.

तात्पर्य, आंकडा खरा असला तरी तो अपुरा असतो. अपुरें सत्य हातीं आलें असतां मनुष्याचें मन दोन वाटांनीं जातें. एक वाट अशी कीं, जें कळलें तें घेऊन राहिलेल्याची चौकशी करावी: पाणी चढतें आहे कीं उतरतें, ताशीं किती इंच, वर घाटांत पाऊस आहे काय, धरणाचे दरवाजे उघडले आहेत काय. दुसरी वाट सोपी आहे. ती अशी कीं, जें कळलें तेंच सर्व आहे असें मानावें आणि निश्चिंत व्हावें. ह्या दुसऱ्या वाटेस आळस म्हणावें तर तो केवळ बुद्धीचा आळस नाहीं. आपणांस जें करावयाचें आहे त्याला अनुकूल तेवढेंच ज्ञान पत्करण्याची ती युक्ति आहे, आणि म्हणून तिची गणना दोषांत केली पाहिजे.

ह्याचें मोठें उदाहरण २०१९ च्या ऑगस्टमध्यें दिसलें. सांगलीस २००५ सालीं मोठा पूर आला होता. तेव्हां पाणी ५३ फुटांच्या वर गेलें होतें. घराघराच्या भिंतींवर त्याच्या खुणा होत्या, आणि कोणाच्या घरीं कितव्या पायरीपर्यंत पाणी आलें होतें हें लहान मुलांसही तोंडपाठ होतें. २०१९ मध्यें पाणी चढूं लागलें तेव्हां पुष्कळांनीं त्या खुणेवर भरंवसा ठेवला. सामान त्या खुणेच्या वर हलविलें आणि तीं माणसें घरींच राहिलीं. पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. त्याच वेळीं कोल्हापुरास पंचगंगा ५५ फुटांच्या वर चढली, आणि पुढें दोनच वर्षांनीं, २०२१ च्या जुलैंत, तिनें आपलाच तो उच्चांक मागें टाकून ५६ फुटांची रेषा ओलांडली. ज्यांनीं २००५ ची खूण प्रमाण मानली त्यांस हंसणें सोपें आहे. पण तें न्याय्य नाहीं. त्यांनीं अनुभवाचाच आधार घेतला होता, आणि अनुभवावांचून मनुष्याजवळ दुसरें आहे काय? त्यांची चूक तर्काची होती. "येथपर्यंत पाणी आलें होतें" हें वाक्य भूतकाळाविषयीं आहे. त्यांतून "ह्याच्या वर येणार नाहीं" हें भविष्याविषयींचें वाक्य निघत नाहीं. गत पुराची खूण ही नदीच्या सामर्थ्याची खालची मर्यादा आहे. एवढें ती करूं शकते, इतकेंच ती खूण सिद्ध करते. आपण तिलाच वरची मर्यादा समजतों, कारण तसें समजल्यानें घर सोडावें लागत नाहीं.

येथें त्या दोन रेषांकडे पुन्हा पाहूं. धोका जर ४५ फुटांवर आहे, तर ४० फुटांवर निराळी रेषा ओढण्याचें प्रयोजन काय? धोक्याची एकच रेषा पुरली नसती काय? ज्यांनीं ह्या दोन रेषा ओढल्या त्यांस मनुष्यस्वभावाचें मर्म कळलें होतें असें म्हणावें लागतें. धोका आल्यावर विचार करण्यास वेळ राहत नाहीं; तेव्हां मनुष्य विचार करीत नाहीं, धांवतो. म्हणून धोक्याच्या पांच फूट अलीकडे एक रेषा पाहिजे, कीं जेथें पाय अजून कोरडे आहेत, गुरें सोडतां येतात, म्हाताऱ्यांस उचलून नेतां येतें, शेजाऱ्याचें दार ठोठावतां येतें. हे पांच फूट पाण्याचे नाहींत, वेळेचे आहेत. आणि मनुष्याच्या विवेकास जें क्षेत्र मिळतें तें एवढेंच. त्या क्षेत्रांत जो "अजून धोका पातळी कोठें झाली आहे?" असें म्हणत बसतो, तो रेषेचा अक्षरार्थ पाळतो आणि तिचा हेतु बुडवितो. कायद्याच्या बाबतींत असें वागणारास आपण पळवाट काढणारा म्हणतों. नदीपाशीं पळवाट काढणारास आपण धीराचा म्हणतों, ही नवलाची गोष्ट आहे.

ह्यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, असें पदोपदीं मोजीत बसणारा समाज भित्रा होईल. नद्या ओलांडल्या, समुद्र तरले, म्हणूनच मनुष्याची भरभराट झाली. ज्यांनीं पट्टी पाहून घरीं बसणें पसंत केलें त्यांनीं काय मिळविलें? हा आक्षेप हलका नाहीं. धैर्य हा गुण आहेच, आणि सुरक्षितता हें जीविताचें एकमेव ध्येय केलें तर जीवितास किंमत राहणार नाहीं. पण प्रश्न धैर्य पाहिजे कीं नको हा नाहीं. धैर्य कशास म्हणावें हा आहे. प्लेटोच्या 'लॅकीझ' ह्या संवादांत सॉक्रेटीस एक उदाहरण घेतो. विहिरींत बुडी मारण्याची कला ज्यास येते तो आणि ती न शिकतां जो बुडी मारतो तो, ह्या दोघांत अधिक शूर कोण? लॅकीझ हा सेनापति. त्याचा कल दुसऱ्याकडे पडतो. मग सॉक्रेटीस त्यास दाखवून देतो कीं, हें धाडस अज्ञानाचें आहे, आणि अज्ञानाचें धाडस घातक व निंद्य असतें हें तर तूं आधींच कबूल केलें आहेस. संवादाच्या अखेरीस धैर्याची व्याख्या कोणासच सांपडत नाहीं. तरी एवढें निश्चित होतें कीं, न कळल्यामुळें ज्यास भीति वाटली नाहीं त्यास शूर म्हणण्यांत अर्थ नाहीं. पाळण्यांतलें मूल विस्तवाकडे हात नेतें, त्याची आपण कोणी कीर्ति गात नाहीं.

आपल्याकडील विवेचन ह्याहून अधिक व्यवहारोपयोगी आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायांत तामस कर्माचें लक्षण सांगतांना चार गोष्टींचा उल्लेख केला आहे: पुढें काय होईल, नाश किती होईल, दुसऱ्यास पीडा किती होईल आणि आपलें सामर्थ्य किती, ह्यांकडे न पाहतां केवळ मोहानें जें आरंभिलें जातें तें तामस. वेदान्ताचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून ही यादी घेऊन नदीकांठीं उभें राहावें. पुढें काय होईल, हें पट्टी व आकाश पाहून ठरवावें. नाश किती होईल, हें पात्रांतील ओघ, खडक व बंधारा पाहून. आपलें सामर्थ्य किती, हें आपल्या पोहण्याची परीक्षा शांत तळ्यांतल्या अभिमानानें न करतां वाहत्या पाण्यांतल्या अनुभवानें करून. हीं तीन उत्तरें मिळविणें कष्टाचें असलें तरी शक्य आहे. खरा वाद चौथ्याविषयीं आहे. मी बुडालों तर मी बुडेन. त्यांत दुसऱ्याचा संबंध काय?

जॉन स्टुअर्ट मिलनें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत नेमका पुलाचाच दृष्टांत घेतला आहे. पूल धोक्याचा आहे हें निश्चित झालेलें असतां एखादा मनुष्य तो ओलांडूं पाहत आहे, आणि त्यास सांगण्यास वेळ नाहीं. अशा वेळीं त्यास धरून मागें ओढलें तर त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाहीं, कारण नदींत पडण्याची त्याची इच्छा नसते. परंतु अनर्थ निश्चित नसून केवळ संभवनीय असेल, तर त्यास धोक्याची सूचना द्यावी. बळानें अडवूं नये. किती धोका पत्करावयाचा हें त्याचें त्यानें ठरवावें. ह्या दोन्ही प्रकारांचीं उदाहरणें आपल्या प्रांतांत दुर्दैवानें घडलीं आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील इंग्रजी अमदानींतला जुना पूल पुरांत कोसळला, आणि अंधारांतून आलेल्या दोन एस. टी. गाड्या व इतर वाहनें पाण्यांत गेलीं. त्या उतारूंनीं कोणताही धोका पत्करला नव्हता. त्यांस कोणी सांगितलेंच नाहीं. उलट, १५ जून २०२५ रोजीं तळेगांवाजवळ कुंडमळ्यास इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांची गर्दी असतांना कोसळला व चार जण दगावले. तेथें धोक्याचा फलक होता. मिलच्या मतें पहिल्या ठिकाणीं समाज चुकला. दुसऱ्या ठिकाणीं, सूचना दिली तेवढ्यानें समाजाचें काम झालें.

आमच्या मतें मिलचा दुसरा निकाल पाण्यास लागू पडत नाहीं, आणि त्याचें कारण पाण्याच्या स्वभावांत आहे. बुडणारा मनुष्य एकटा क्वचितच बुडतो. कांठावर बाप असतो, मित्र असतो, नाहीं तर जातां येतां पाहणारा कोणी परका असतो. आणि ह्यांपैकीं कोणी तरी उडी घेतो. बुडणाराच्या हातास त्या वेळीं शत्रुमित्र कळत नाहीं. तो जें सांपडेल त्यास मिठी मारतो. एकाच्या मागें दोघे गेल्याच्या वार्ता दर वर्षीं येतात. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागील ओढ्यांत एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं. अचानक वाढलेल्या पाण्यांत तीं एकमेकांस धरून उभीं होतीं. प्रेम जेथें आहे तेथें धोका वैयक्तिक राहत नाहीं. मी पाण्यांत उतरतों तेव्हां माझ्या मागें उडी घेईल अशा प्रत्येकास मी त्याच्या संमतीवांचून पाण्यांत उतरवितों. स्वातंत्र्याच्या नांवाखालीं हा हक्क मागतां येणार नाहीं.

आतां दुसरी बाजू पाहूं. बुडणारास पाहून उडी घेणें हें कर्तव्य आहे काय? कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दैवी संकटांच्या प्रतिकाराचा एक अध्याय आहे. त्यांत असें सांगितलें आहे कीं, नदीकांठच्या गांवकऱ्यांनीं पावसाळ्यांतील रात्रीं पुराच्या टापूबाहेर काढाव्या, आणि लांकडें, वेळू व नावा जवळ बाळगाव्या. वाहून जाणारास भोपळे, पखाली, तराफे, ओंडके, दोरांच्या वेण्या ह्यांच्या साह्यानें तारावें. जो मदतीस धांवणार नाहीं त्यास बारा पण दंड. मात्र ज्याच्याजवळ तरण्याचें साधन नाहीं त्यास दंडांतून सूट. ह्या लहानशा अपवादांत फार मोठें शहाणपण भरलें आहे. कायदा मदतीस न धांवणाराला शिक्षा करतो, पण साधनावांचून उडी घेण्याची कोणावर सक्ति करीत नाहीं. आधुनिक शिक्षकही हाच क्रम शिकवितात: प्रथम कांठावरून काठी पुढें करावी, मग दोर फेंकावा, मग नाव न्यावी, आणि स्वतः पाण्यांत शिरणें अगदीं शेवटीं, तेंही ज्यास त्याचें शिक्षण आहे त्यानेंच. ह्याचा नैतिक अर्थ असा कीं, मदतीचें कर्तव्य पुराच्या दिवशीं सुरू होत नाहीं. तें उन्हाळ्यांत, दोर विकत घेण्याच्या दिवशीं सुरू होतें. ज्या गांवानें कोरड्या ऋतूंत साधन जवळ ठेवलें नाहीं, त्या गांवास ओल्या ऋतूंत आपल्या शूर तरुणांचा बळी द्यावा लागतो, आणि मग आपण त्यांच्या शौर्याचें वर्णन करून आपल्या आळसावर पांघरूण घालतों.

ऑगस्ट २०१९ मध्यें पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून सुटका करून घेणाऱ्या लोकांची नाव उलटली, आणि बायकामुलांसह अनेकांस जलसमाधि मिळाली. नावेंत माणसें फार झालीं होतीं, असें म्हणतां येईल. तें खरेंही आहे. पण चोहोंकडून पाणी चढत असतां, पुढची खेप होईल कीं नाहीं ह्याची खात्री नसतां, आईनें मुलास घेऊन मागें राहावें अशी अपेक्षा कोण करील? त्या घटकेस त्या नावेंतल्या कोणासही दोष देणें क्रूरपणाचें आहे. 'ह्या नावेंत इतकींच माणसें' हा निर्णय ज्या दिवशीं शांतपणें करतां आला असता तो दिवस केव्हांच गेला होता. पूरग्रस्त गांवांतील लोक गुऱ्हाळाच्या काहिलींत बसून पाणी ओलांडतात. त्यांच्या युक्तीचें आपण कौतुक करतों, आणि तें करावेंही. परंतु गुळाची काहील नावेचें काम करूं लागते, त्याच्या मुळाशीं नावेचा अभाव असतो.

येथें नावाड्याचा प्रश्न येतो. "आज नाव घालीत नाहीं" असें म्हणण्याचा अधिकार ज्या एका मनुष्याजवळ असतो, त्याचेंच पोट नाव घालण्यावर अवलंबून असतें. उतारू घाईंत असतात, कोणाची एस. टी. चुकणार असते, कोणाचा बाजार; आणि नकार देणारा नावाडी सर्वांस अडमुठा वाटतो. त्यानें होकार दिला व सुखरूप नेलें तर कोणी त्याचे आभार मानीत नाहीं. त्यानें नकार दिला आणि त्यामुळें दहा जीव वांचले तर तें कोणास कळतही नाहीं, कारण न घडलेल्या अपघाताची नोंद कोठेंच होत नसते. दृष्टीस न पडणाऱ्या सत्कृत्याचा भार एकट्या गरीब मनुष्यावर टाकणें अन्यायाचें आहे. कौटिल्यानें हें ओळखलें होतें. माणसें किंवा सामग्री अपुरी असल्यामुळें अथवा दुरुस्ती न केल्यामुळें नाव बुडाली, तर नुकसान नावध्यक्षानें, म्हणजे सरकारी अंमलदारानें, भरून द्यावें असा त्याचा दंडक आहे. नावेच्या कांठावर भाराची रेघ ओढणें, प्रत्येक उतारूस तरंगणारें जाकीट देणें, पाणी अमुक फुटांवर गेलें म्हणजे तर बंद ठेवणें, आणि त्या दिवसांचा रोजगार नावाड्यास देणें, हीं कामें समाजाचीं आहेत. नकाराची किंमत समाजानें भरली तरच नकाराचा सद्गुण नावाड्याकडून मागण्याचा त्यास अधिकार पोंचतो.

हाच न्याय वर राहणाऱ्यांस लागू आहे. पूर्वीं आभाळ पाहून नदीचा अंदाज बांधीत. आतां खालीं लख्ख ऊन असतां नदी चढते, कारण पाऊस महाबळेश्वरास किंवा कोयनेच्या खोऱ्यांत पडलेला असतो, आणि त्याचें पाणी केव्हां व किती सोडावयाचें हें धरणावरचीं माणसें ठरवितात. ज्याच्या हातीं दरवाजा आहे त्यास येणारें पाणी आधीं कळतें. खालीं कपडे धुणाऱ्या बाईस, म्हशी धुणाऱ्या पोरास, मळीच्या रानांत काम करणाऱ्या गड्यास तें पाणी आल्यावरच कळतें. ज्ञानाची ही विषमता जेथें असते तेथें सांगणें हा उपकार राहत नाहीं. तें ऋण होतें. भोंगा वाजला, दवंडी पिटली, आंकडा प्रसिद्ध झाला, एवढ्यानें तें ऋण फिटलें असेंही नाहीं. खालच्या मनुष्यास तें समजलें काय, आणि समजल्यावर हलण्यास त्यास जागा आहे काय, हें विचारल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हौशीनें पाण्यांत उतरणारा आणि निरुपायानें उतरणारा, ह्या दोघांस एकच उपदेश करणें बरें नव्हे. पहिल्यानें आंकडा विचारून घरीं बसावें, ह्यांत त्याचें कांहीं जात नाहीं. धबधबा पुढच्या आठवड्यांतही तेथेंच असतो. परंतु पलीकडच्या वस्तीवरून दूध आणणारास, ओढ्यापलीकडे शाळा असलेल्या मुलास, प्रसूतीसाठीं नेलेल्या स्त्रीस घरीं बसण्याची सोय नसते. त्यांस विवेक शिकविणें म्हणजे आपल्या सुखाची नीति त्यांच्यावर लादणें होय. त्यांच्या बाबतींत विवेकाचें नांव पूल हें आहे.

नरसोबाच्या वाडीस पावसाळ्यांत नदी चढते तेव्हां पाणी मंदिरांत शिरतें, पादुकांवरून वाहतें आणि दक्षिणद्वारानें बाहेर पडतें. भाविक त्यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात व त्या पाण्यांत स्नान करणें पुण्याचें मानतात. पण पाणी वाढूं लागलें म्हणजे पुजारी उत्सवमूर्ति उचलून वरच्या जागीं नेतात, आणि पाणी ओसरेपर्यंत पूजाअर्चा तेथें चालते. ह्यांत देवाचा पराभव झाला असें आजपर्यंत कोणासही वाटलेलें नाहीं. नदीस तिची वाट मोकळी करून देणें, आणि ती परत गेल्यावर आपल्या जागीं येणें, हा तेथील नित्याचा शिष्टाचार होऊन बसला आहे. मूर्ति केव्हां हलवावयाची हें पाणी गाभाऱ्यांत भरल्यावर ठरवीत नाहींत. त्याच्या आधीं ठरवितात. जी रीत देवास कमीपणाची वाटत नाहीं ती मनुष्यास कां वाटावी? इशारा आणि धोका ह्यांच्या मधले पांच फूट पूर्वजांनीं अनुभवाची किंमत मोजून आपल्या हातीं दिले आहेत. त्या पांच फुटांत आपण काय करतों, कोणाचें दार ठोठावतों आणि कोणास मागें सोडतों, त्यावरून आपल्या विवेकाची पारख होते. पाणी ४५ फुटांस पोंचल्यावर उरतें तें केवळ दैव.